देवीला कन्नड येत नाही

माझ्या सासऱ्यांनी मला पसंत केलं ते देवीशी बोलण्यासाठी. मुलगी बघायला आलेली माणसं रूप बघतात, रंग बघतात, पोहे कसे झालेत ते बघतात. यांनी यातलं काही म्हणजे काही बघितलं नाही. साताऱ्याला आमच्या पुढच्या खोलीत पाटावर ताठ बसून ते एवढंच म्हणाले, "बोल बाळ. स्वल्प बोल." मी विचारलं, काय बोलू? तर म्हणाले, "काय पण. सकाळपासून काय केलीस ते सांग." मग मी सांगत गेले. पाणी भरलं, केर काढला, मांजरीनं दूध सांडलं, तिला केरसुणीनं हाणलं, आईनं मला हाणलं. ते डोळे मिटून मान डोलवत ऐकत होते. मी थांबले तसे त्यांनी डोळे उघडले आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, "शुद्ध आहे. हिचं बोलणं तिला कळंल. अल्वा?"

हे 'अल्वा' म्हणजे कन्नडमधलं 'नाही का'. त्यांचं प्रत्येक वाक्य तिथं येऊन टेकायचं. पण 'तिला' म्हणजे कुणाला, हे काही आम्हाला उमगलं नाही. माझ्या वडिलांना वाटलं, घरात कुणी बहिरी म्हातारी असेल आणि तिची उस्तवार करायला सून पाहिजे असेल. आई तर रात्रभर कुरकुरत होती, की एवढ्या लांब म्हैसूरला पोरगी द्यायची आणि तीही बहिरीच्या उशापायथ्याशी बसायला. पण मुलगा शिक्षक होता, निर्व्यसनी होता, आणि आमच्या घरात माझ्यामागे अजून दोघी उभ्या होत्या. झालं. लग्न लागलं.

म्हैसूरला लष्कर मोहल्ल्यातल्या त्या घरात पाऊल टाकलं आणि ती म्हातारी भेटली. देव्हाऱ्यात बसली होती. पितळेची, वीतभर उंचीची, पिढ्यान् पिढ्या घासून घासून नाक झिजलेली भवानी.

"ही तुळजापूरची," सासरे म्हणाले. "आमचे पूर्वज फौजेबरोबर हिकडं आले तेव्हा हिला खोगिरात बांधून आणले. हिला कन्नड येत नाही. आमचं मराठी आता स्वल्प बिघडलंय. म्हणून तुला आणलोय."

आता सांगा, मी सून म्हणून आले की दुभाषी म्हणून?

तिकडे सासऱ्यांना मावा म्हणतात. हे कळल्यावर माझा धाकटा भाऊ लग्नाच्या पंगतीतून हसत उठून गेला होता, कारण आमच्याकडे मावा म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना चोळून केलेला. पुढं कितीतरी वर्षं तो मला विचारायचा, "ताई, तुझा मावा कितीला पुडी?" मला ते नाव तोंडातून काढवेना. पहिला महिना मी खोकूनच काम भागवलं. ते समोर आले की खोकायचं, मग ते वळायचे, मग चहा पुढं करायचा. सासूबाईंनी मला आडुळशाचा काढा सुरू केला. शेवटी एका सकाळी पूजा चालली असताना त्यांच्या उपरण्याचं टोक निरांजनावर गेलेलं मला दिसलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "मावा!" ते वळले, उपरणं चोळून विझवलं आणि शांतपणे म्हणाले, "आलं की तोंडात. सरी." सरी म्हणजे बरं.

मावांच्या घरात एकच कायदा होता. देवघराच्या उंबऱ्याच्या आत कन्नड शब्द काढायचा नाही. बाहेर काय ते बोला. बाहेर ते स्वतः दिवसभर कन्नड बोलायचे, गिऱ्हाइकांशी दखनी बोलायचे, एका गोऱ्या प्रवाशाशी तर हातवारे आणि 'यस यस' यावर अर्धा तास बोलले होते. पण उंबरा ओलांडला की मराठी. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, शाळेत कन्नडमधून गणित शिकवायचे. त्यांचं मराठी 'जेवलीस काय' आणि 'चावी कुठंय' यापलीकडे जात नव्हतं. म्हणून ते देवीसमोर नुसते हात जोडून मनातल्या मनात प्रार्थना करायचे. मनातली भाषा मावांना ऐकू येत नाही, हा त्यांचा हिशेब होता.

आणि हा कायदा फक्त घरच्या देवीपुरता होता बरं का. चामुंडीच्या डोंगरावर गेले की मावा अस्सल कन्नड. ती इथली आहे, तिला मराठी कशाला यावं? तिच्या घरी जाऊन आपली भाषा बोलायची म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन फोडणी घालणं, असं त्यांचं म्हणणं. नंजनगुडच्या शंकराबद्दल मी एकदा मुद्दाम विचारलं, त्याला काय येतं? जरा विचार करून म्हणाले, "तो शिव आहे गं. मुका गेला तरी त्याला चालतं."

सकाळी आंघोळ करून, ओलेत्यानं, ते देवीला आदल्या दिवसाचा सगळा वृत्तांत द्यायचे. मंत्रबिंत्र थोडे, वृत्तांत फार. "आई, काल सीट तीन झाले. एक स्कूटरचा, दोन टांग्याचे. बेन्नू फार दुखतंय."

दाराशी फुलं निवडत बसलेली मी म्हणायची, "मावा, पाठ."

ते दचकायचे. दोन्ही हातांनी गालावर हळू मारून घ्यायचे आणि देवीला म्हणायचे, "पाठ. पाठ दुखते म्हणतोय. तप्पू झाली." तप्पू म्हणजे चूक. मग मी 'चूक' म्हणायची आणि पुन्हा गालावर हात. असं करत करत पाठीपासून निघालेली गाडी आरतीला पोचेपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "त्यांचं आणि देवीचं मी कधी मधे पडले नाही. तू पण पडू नकोस, चूल बघ." पण मला तर त्याच कामावर आणलं होतं!

त्यांचा धंदा बैठकी शिवण्याचा. आता मोहल्ल्यातल्या प्रत्येक मराठी घरात भिंतीवर एक तलवार टांगलेली असायची आणि प्रत्येकाचा पणजोबा सरदार असायचा. इतके सरदार त्या फौजेत होते, की शिपाई कोण होतं हा मला प्रश्न पडायचा. मावा एकटे छातीठोकपणे सांगायचे, की आमचा पूर्वज लढायला आला नव्हता, घोड्यांची खोगिरं शिवायला आला होता. "सरदार पडला तर दुसरा येतो. खोगीर सुटला तर सरदारच पडतो. अल्वा?" आजोबांनी खोगिरं शिवली, वडिलांनी टांग्याच्या गाद्या शिवल्या, मावा स्कूटरच्या सीटा शिवायचे. घराण्याचं काम तेच, ते म्हणायचे, लोकांच्या बुडाखाली मऊ द्यायचं. स्वतः मात्र जन्मात कधी मऊ आसनावर बसले नाहीत. दुकानात लाकडी पाट, घरात लाकडी पाट. बसमध्ये गादीची सीट मिळाली तर उभे राहायचे, आणि उभ्या उभ्या शेजारच्या सीटची शिवण बोटानं चाचपून "च्च" करायचे.

माझ्यावर ते एकदाच खूश होऊन हसले, तेही माझ्या तोंडून भलतंच निघालं म्हणून. कुणाच्या तरी लग्नाहून आल्यावर मी सासूबाईंना सांगत होते, की गर्दी फार होती पण नुसती खोगीरभरती. मावांनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांना वाटलं, मी त्या लग्नाची भारी तारीफ करतेय. "खोगीर भरणं म्हणजे काय सुम्नी आहे काय?" सुम्नी म्हणजे उगीच, फुकटचं. ते मला समजावायला बसले. काथ्या पिंजायचा, गाठ न् गाठ काढायची, एका बाजूला मूठभर जास्त झाला तर घोड्याची पाठ सोलते. म्हणजे पाहुणे निवडून निवडून बोलावले होते तर! छान, म्हणत ते हसले. मी 'हो मावा' म्हटलं. काय करता?

कामाला त्यांनी कधी पाठ दाखवली नाही. दाभण, आरी, मेण लावलेला दोरा आणि ते, एवढाच त्यांचा संसार असावा असं वाटायचं. जेवायला घरी यायचे तेव्हाही बोटं शिवत असल्यासारखी हलत असायची. दसऱ्याच्या आधी तर टांगेवाल्यांची रांग लागायची, कारण दसऱ्याला गावाला पाहुणा येणार आणि जुन्या गादीवर कसा बसवणार? त्या दिवसांत मावा उभ्यानं जेवायचे. पण सकाळचा देवीचा वृत्तांत कधी चुकला नाही. ताप असला तरी उठून, भिंतीला धरून, "आई, आज ज्वर आहे," एवढं सांगून परत झोपायचे. ज्वर चालतो, मी म्हणायची, ज्वर मराठीतही आहे. मग त्यांना फार बरं वाटायचं.

असा सगळा आनंद चालला असताना माझ्या लग्नाच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, माझे वडील मला भेटायला आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. साताऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान. मावांना कोण आनंद झाला! अस्सल मराठी बोलणारा माणूस घरात आला म्हणून त्यांनी आप्पांना आल्या आल्या हातपाय धुवायलाही न सोडता देवीपुढं नेऊन बसवलं.

पहिला घोटाळा पंगतीत झाला. केळीच्या पानावर वाढून झालं, आप्पांनी पहिला घास उचलला, आणि मावा दोन्ही हात पसरून आग्रहानं म्हणाले, "ऊटा, ऊटा!" आप्पा बिचारे घास खाली ठेवून उठले. बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, काहीतरी सोवळ्याओवळ्याची चूक झाली. मावा घाबरले, पाहुणा भरल्या पानावरून का उठला? ते अजून मोठ्यानं, "ऊटा, ऊटा!" आप्पा अजून मागं सरकले, पार अंगणाच्या दारापर्यंत. मी पोळी टाकून धावत आले आणि सांगितलं, की आप्पा, ऊटा म्हणजे जेवण, ते जेवा म्हणतायत. मग जे हसू फुटलं! सासूबाई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. आमचे हे कधी नव्हे ते खदखदून हसले. सगळ्यांत जास्त मावा हसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग जेवताना दुसरं काही सुचेचना. हाल म्हणजे दूध, आमचे हे म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडे रोज सकाळी हाल विकत घेतात?" असं आप्पा. बाळे म्हणजे केळी. "दोन बाळे खाऊन झोपलो," असं मावा अगदी सहज म्हणाले आणि आप्पांना ठसका लागला. त्या घरात इतकं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला माझ्या दोन्ही घरांचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू.

पान खायला सगळे ओसरीवर बसले. मावांनी आप्पांना विचारलं, घरी कसं काय, सगळे बरे आहेत ना? आप्पा बरे मोकळे झाले होते. म्हणाले, "बरं आहे. पण यंदाही लग्नसराई कोरडीच गेली. घरात जरा तंगी आहे."

मावांचा चेहरा उजळला. "तंगी आहे? घरातच?"

"घरातच. कुठं जाणार?"

"कधीपासून?"

"आता दोन वर्षं होतील."

मावांना वाटलं, दोन वर्षांची आहे. ते आप्पांच्या जवळ सरकले. "लहान आहे तर. सांभाळा. फार सांभाळा. माझी पण तंगी होती." आवाज एकदम खाली आला. "ती गेली."

आप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर प्रेमानं थाप मारली. "गेली ना एकदाची? सुटलात पाव्हणं. देवीचीच कृपा."

मी दारात पानाचा डबा घेऊन उभी होते. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे बाजारात बोलून बोलून मला माहीत झालं होतं. पण या घरात कुणाला धाकटी बहीण होती, हे माहीत नव्हतं. मावा आप्पांकडे नुसते बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी लगबगीनं मधे पडले, आप्पांना तंगीचा कन्नड अर्थ सांगितला, मावांना मराठी. तंगी म्हणजे टंचाई, मावा. हातात पैसा नसणं. आप्पांनी तर हात जोडले, अर्धे उठले, माफ करा म्हणाले. मावांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, "तुमची काय तप्पू?" म्हणाले, आणि आप्पांसाठी स्वतः विडा लावून दिला. पण पुन्हा ते हसले नाहीत. आणि त्या दिवशी त्यांच्या एकाही वाक्याच्या शेवटी 'अल्वा' आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी फुलं निवडत बसले. मावांनी देवीला आंघोळ घातली, कुंकू लावलं, दिवा लावला, आरती केली आणि उठले. वृत्तांत नाही. मला वाटलं, पाहुणे आहेत म्हणून घाई असेल. आप्पा गेले, तरी तेच. पूजा सगळी यथासांग, पण देवीशी एक शब्द नाही. गालावर मारून घेणं नाही, सीट किती झाले ते नाही. दूध वेळेवर उतरायला लागलं आणि मला त्या शांततेचा उबग आला. दुकानातही लक्ष लागेना त्यांचं. एका टांगेवाल्याची गादी त्यांनी रेक्झिनची गुळगुळीत बाजू आत घालून शिवली. त्याला वाटलं नवीन पद्धत असेल, तो घेऊन गेला बिचारा.

सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. मावांची आई लवकर गेली. वडील दिवसभर दुकानात. धाकट्या बहिणीला मावांनीच वाढवलं, स्वतःला मिसरूड फुटायच्या आधी. तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे, वेणी घालायचे. रिबीन कुठली, दुकानातला मेण लावलेला दोराच बांधायचे. तो दोरा इतका पक्का, की शाळेतल्या पोरी ओढून ओढून थकायच्या पण वेणी सुटायची नाही. मग तिला विषमज्वर झाला. मावा देवीपुढं बसून राहिले, जेवले नाहीत, झोपले नाहीत. ती गेली. टी. नरसीपूरच्या संगमावर सगळं करून आले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले. सासूबाईंनी तिला बघितलेलं नव्हतं. त्यांनाही एवढंच माहीत, की ती तंगी.

"पण मग आता देवीशी अबोला कशाचा?" मी विचारलं.

"ते मला काय कळणार? मी मधे पडत नाही," सासूबाई म्हणाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "यंदा घट बसवणार नाही म्हणालेत. आमच्या घरात घट बसला नाही असं वर्ष नाही गं. तुझी भाषा, तूच निस्तर."

घट बसवायचा दिवस उद्यावर आला होता. मी दुपारचा डबा घेतला आणि दुकानात गेले. मावा पाटावर बसून काथ्या पिंजत होते. मी डबा ठेवला आणि सरळ विचारलं, घट का बसवायचा नाही?

बराच वेळ ते गाठी काढत राहिले. मग म्हणाले, "मी तिला काय मागितलं, माहीत आहे तुला? आई, तंगी जाऊ देऊ नको. माझी तंगी माझ्याजवळ राहू दे. हेच म्हणत बसलो होतो. तिला कन्नड येत नाही." ते माझ्याकडे बघून हसल्यासारखं करायला गेले. "तिनं दिलं की. तंगी राहिली. पुढं किती वर्षं राहिली विचार तुझ्या सासूला. पोरगी तेवढी गेली."

एवढ्या वर्षांनी आम्ही पान खाता खाता त्या माणसाच्या हातात हे काय ठेवलं! पण मी साताऱ्याची. गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. मी म्हटलं, "मावा, मला इथं येऊन चार वर्षं झाली नाहीत, तर मी बाजारात कन्नडमधून भांडते. देवी दोनशे वर्षं तुमच्या घरात आहे. दारावरून भाजीवाला ओरडत जातो, शेजारीण येऊन गप्पा मारते, घरातली सगळी माणसं कन्नड बोलतात. तिला एवढं येत नसेल? ती काय बहिरी आहे?"

वकिलानं खटला जिंकावा तशी मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. आता मावा 'अल्वा' म्हणणार, उठणार, घट बसणार.

मावांनी हातातला काथ्या खाली ठेवला.

"येत असंल," ते म्हणाले. "मग तिला कळलं होतं. कळलं, आणि तरी नेली."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"नको गं बाळ," ते अगदी समजुतीनं म्हणाले, जणू मीच रडत होते आणि त्यांना माझी समजूत काढायची होती. "तिला कळलं नाही, तेच बरं. मग तप्पू माझी. माझी असली तर मी तिच्यापुढं उभा राहू शकतो. तिची असली तर मी कुठं जाऊ?"

रस्त्यावरून टांगे चालले होते. मी तिथंच रेक्झिनच्या गुंडाळीवर बसले. इतके दिवस मी त्यांच्या त्या कायद्याला हसत होते. या माणसाला देवीवर रागवायचं नव्हतं, म्हणून त्यानं चूक स्वतःकडे ओढून घेतली होती, आणि मी शहाणी ती त्यांच्या हातून काढून घ्यायला निघाले होते. मला रडू आलं. मी रडले. ते डबा उघडून जेवायला लागले, म्हणजे मला संकोच वाटू नये.

जेवता जेवता म्हणाले, की आता बोलायची भीती वाटते. अजून काय काय चुकीचं मागून ठेवलं असंल, कोण जाणे. मुलगा मागितला तेव्हा काय म्हटलं, तुला आणताना काय म्हटलं.

मी पदरानं नाक पुसलं. "मला आणताना नीट मागितलंत. मी आले की."

"हो. ते एक बरोबर निघालं."

"मग तंगीचंही आता नीट सांगू. मला त्याच कामासाठी आणलंय ना? मी सांगते. तुम्ही माझ्यामागून म्हणा."

संध्याकाळी घरी येताना ते घटासाठी काळी माती घेऊन आले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता परडी धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसला. माळ चढली. मावा ओलेत्यानं हात जोडून उभे होते आणि पहिल्यांदाच मी उंबऱ्याच्या आत त्यांच्या शेजारी उभी होते. सासूबाई आणि आमचे हे मागं.

"आई भवानी," मी म्हटलं.

"आई भवानी," मावा म्हणाले.

"माझी धाकटी बहीण."

"धाकटी बहीण." शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता. त्यांनी पुन्हा म्हटला.

मग मी अडले. नुसती धाकटी बहीण म्हटलं तर देवीला कुठली कळायची? नाव सांगायला पाहिजे. मी हळूच विचारलं, "मावा, त्यांचं नाव?"

मावांनी जोडलेले हात सोडून निरांजनाची वात सारखी केली. मला वाटलं, विसरले. सासूबाईही मान पुढं काढून ऐकायला लागल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनीही ते ऐकलेलं नव्हतं.

"यमुना," मावा म्हणाले.

मी देवीला सांगितलं. आई, यांची धाकटी बहीण यमुना तुझ्याजवळ आहे. तिला नीट सांभाळ. तिला काही कमी पडू देऊ नकोस. मावा एकेक शब्द माझ्यामागून म्हणत गेले. सगळं शुद्ध, एकही तप्पू नाही. मला वाटलं, झालं. मी नमस्कार करून मागं वळणार, तेवढ्यात त्यांनी माझा पदर धरला, लहान मुलानं धरावा तसा.

"अजून एक सांग तिला," ते म्हणाले. "यमुना म्हणून हाक मारली तर ती वळून बघायची नाही. तिला ते नाव सवयीचं नाही. तंगी म्हण म्हणावं."

मी पुन्हा हात जोडले आणि देवीला तसं सांगितलं.